हिशेबनीस कुमारप्पा

दिवाळीच्या सुट्टीत मी गिरगावात मामाकडे गेले होते. चौपाटी बघून झाली, मग मामानं गावदेवीतलं मणिभवन दाखवलं. गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. गांधीजींवर आपल्या भित्तिपत्रकात दरवर्षी लेख येतो. म्हणून मी मामानं तिथे सांगितलेल्या दुसऱ्या माणसावर लिहिते आहे. त्यांचं नाव जे. सी. कुमारप्पा.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला शिकून ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय थाटला. राहणी अगदी साहेबी. पुढे अमेरिकेत शिकताना त्यांनी सरकारी जमाखर्च तपासला, तेव्हा आपला देश गरीब का राहिला ते त्यांना आकड्यांत दिसलं. त्यावर त्यांनी निबंध लिहिला. १९२९ साली तो घेऊन ते मणिभवनात गेले, पण गांधीजींची भेट झाली नाही. साबरमतीला या, असा निरोप मिळाला.

९ मे १९२९ ला ते आश्रमात पोचले. एका झाडाखाली एक म्हातारा सूत कातत बसला होता. कुमारप्पा काठी टेकून नुसते बघत उभे राहिले. थोड्या वेळानं त्या म्हाताऱ्यानंच विचारलं, तुम्ही कुमारप्पा ना? तेव्हा त्यांना कळलं की हेच गांधीजी! मग ते किमती कपड्यांसकट शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. हा प्रसंग मला फार आवडतो.

हिशेबाला मात्र ते फार कडक. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतीच्या पैशांचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजींच्या सोबतच्या माणसांचा खर्चसुद्धा त्यांनी त्या निधीतून करू दिला नाही.

त्याच वर्षी ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. संघाचं ठिकाण वर्ध्याची मगनवाडी. ती जागा जमनालाल बजाज यांनी दिली होती. तिथे तेलघाणी होती, मधमाश्या होत्या आणि हातकागदही होता. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी लोक पिढ्यान्‌पिढ्या कागद करत आले होते. गिरणीचा कागद आला आणि त्यांचा धंदा बसला. गिरणीचा कागद स्वस्त का, हे कुमारप्पा हिशेबनिसाच्या नजरेनं बघत. जंगल तुटतं, गावातल्या हातांचं काम जातं, ते किमतीत कुठे धरलेलं नसतं. हातकागदाला गवत, पेंढा, चिंध्या, रद्दी चालते आणि मजुरी गावातच राहते. के. बी. जोशी यांनी संघासाठी या कामावर पुस्तक लिहिलं आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली.

कुमारप्पा तुरुंगातही गेले. तिथेही त्यांनी पुस्तक लिहिलं. ३० जानेवारी १९६० रोजी, म्हणजे गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ते वारले.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, करूनच बघू. आपल्या गावात केळीचा घड उतरला की खुंट बांधावर सडत पडतो. आम्ही चौघींनी त्याचे बारीक तुकडे करून भिजत घातले, आईनं धुण्याच्या सोड्यात शिजवून दिले. ते धुऊन जुन्या उखळात कुटले, त्यात रद्दी वह्यांचा लगदा घातला. मच्छरदाणीची जाळी चौकटीला ठोकून त्यावर कागद उचलले. कुटून कुटून हात भरून आले. दोन रविवार गेले आणि कागद झाले फक्त अकरा. पापडासारखे जाड! खळ लावायची राहिली, म्हणून शाई पसरली. आई म्हणाली, एवढ्या मजुरीत वह्यांचा गठ्ठा येईल. तिचं खरं आहे. मी मजुरीही वहीत मांडून ठेवली आहे. पुढच्या खेपेला तांदळाची खळ लावून कागद दगडानं घोटायचे ठरलं आहे.

त्यातला सगळ्यात सपाट कागद डाव्या कोपऱ्यात लावला आहे. हात लावून बघा, पण ओला हात लावू नका.