सोल्डरिंग आयर्न घेताय? आधी जेम्स ज्यूलला भेटा

अमरावती-अकोल्यात छंदापुरता स्वस्तातला सोल्डरिंग आयर्न घ्यायला गेलात, की डब्यावर आधी दिसतं २५ वॉट. एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. हा ज्यूल कोण, ते कळलं की खरेदी सोपी होते.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल २४ डिसेंबर १८१८ ला मँचेस्टरला लागून असलेल्या सॉलफर्डमध्ये जन्मला. (१८६० नंतर आपल्या वऱ्हाडचा कापूस गेला तो याच भागातल्या गिरण्यांकडे.) घरचा धंदा बिअर बनवायचा. शिक्षण घरीच, आणि शिकवायला काही काळ खुद्द जॉन डाल्टन. प्रयोगशाळा घरची, खर्चही घरचा. म्हणजे पक्का हॉबीवाला.

कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून विजेची मोटर लावली तर परवडेल का, हा त्याचा प्रश्न होता. नाही परवडत, असं उत्तर आलं. बॅटरीतलं जस्त कोळशापुढे फार महाग पडायचं. पण नाद लागला तो लागलाच. तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून, करंट सोडून, थर्मामीटर बघत १८४०-४१ मध्ये त्याने नियम काढला: उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाढते. वय जेमतेम २२.

तुमचा आयर्न म्हणजे हाच प्रयोग, फक्त पाणी नाही. व्होल्टेजच्या वर्गाला रेझिस्टन्सने भागा, वॉट मिळतात. २३० व्होल्टवर २५ वॉट म्हणजे सुमारे २,१०० ओहम. साधा आयर्न असेल तर दुकानातच, अर्थिंगची जाड पिन सोडून उरलेल्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. ३,५०० दाखवले तर तो १५ वॉटचा आहे, लेबल काहीही म्हणो. आणि संध्याकाळी लाइन २०० व्होल्टवर आली, की २५ चे १९ वॉट उरतात. ६०-४० चं कथील-शिसं १९० डिग्रीच्या आसपासच वितळतं, पण जाड तार उष्णता ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो. पीसीबीला २५ पुरतो. लाइन नेहमीच कमी राहत असेल तर मी ३५ घेईन.

ज्यूलचं पुढे सोपं गेलं नाही. १८४४ चा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसनने त्याचं गांभीर्याने ऐकलं, तेव्हा गाडी हलली. त्याच वर्षी लग्न झालं. मधुचंद्राला आल्प्समध्ये तो थर्मामीटर घेऊन धबधब्याखालचं पाणी मोजायच्या तयारीत होता, अशी आठवण थॉमसनने सांगितली आहे. चिखलदऱ्याला करून बघायला हरकत नाही, पण एका डिग्रीच्या फरकाला ४२७ मीटरची उडी लागते!

१८५४ मध्ये पत्नी गेली, पुढे कारखाना विकला गेला, पैसा आटला. १८७८ पासून सरकारने वर्षाला २०० पौंड पेन्शन दिली. १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेने ज्यूल हे एकक मान्य केलं आणि ११ ऑक्टोबरला तो वारला. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरला आहे: एक पौंड पाणी एक डिग्री फॅरनहाइटने तापवायला लागणारं काम, फूट-पौंडांत.