हाईम सॅम्युएल केहिमकर

बुऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आम्ही मराठी माणसे मूळ गाव आडनावातून सांगतो. म्हणूनच १८३० साली जन्मलेल्या केहिमकरांचे चरित्र मला जवळचे वाटते. अलिबागजवळच्या किहीमवरून त्यांचे आडनाव. भाषा मराठी, धर्म यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या त्यांच्या बेने इस्रायल समाजास कोकणात शनवार तेली म्हणत. १८७५ साली त्यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली.

नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही समाजाची परंपरागत कथा. हनुक्का सण समाजास ठाऊक नव्हता. तेव्हा पूर्वज तो सुरू होण्याआधीच निघाले असावेत, असा केहिमकरांचा तर्क. १८९७ साली पूर्ण झालेला त्यांचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला.

पुढे १९६२ साली इस्रायलच्या धर्मपीठाने विवाहापूर्वी या समाजाची वंशचौकशी सांगितली. मोठी चळवळ झाली, आणि १९६४ साली तेथील सरकारने हे सर्व बाबतींत यहुदीच, असे जाहीर केले. खुद्द दावीद राजाची पणजी रूथ मवाबी होती. मवाब्यांवरील बायबलातील बंदी केवळ पुरुषांना, असा अर्थ जुन्या यहुदी पंडितांनीच लावला होता. वंश तपासणाऱ्यांनी तो ध्यानी ठेवावयास हवा होता, असे मला वाटते.