इच्छा कोणाची? : रेव्हरंड ना. वा. टिळक

रेव्हरंड टिळकांचे नाव मला प्रथम भेटले ते पाठ्यपुस्तकात नव्हे, तर छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील आमच्या चर्चमध्ये. उपासनेच्या गीतांच्या पुस्तकात ते पुन्हा पुन्हा दिसे. पुढे शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आली. ‘हे तर आमचे टिळक!’ म्हणून मला केवढा अभिमान वाटला! यंदा लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली आणि त्या अभिमानाची जागा विचाराने घेतली. त्याचे कारण घरगुती आहे.

पदवीनंतर मी पाळक होणार, तशी देवाचीच इच्छा आहे, असे मी घरी जाहीर केले होते. आजीने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, की ही इच्छा देवाची की व्यासपीठाची? मला राग आला. उत्तर मात्र सुचले नाही.

नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी एका ब्राह्मण कुटुंबात जन्मले. नाशिकला ते संस्कृत शिकले. कवित्व आणि वक्तृत्व दोन्ही लाभलेली. पण स्वभाव असा, की एका नोकरीत किंवा एका गावी ते फार काळ टिकत नसत. जातिभेदाने त्यांचे मन उद्विग्न झाले होते आणि आपणच एक नवा धर्म स्थापावा, असे त्यांना वाटू लागले. ही महत्त्वाकांक्षा काही लहान नव्हती! अशातच राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना आढळले, की आपण जे शोधत होतो ते पूर्वीच कोणी सांगून आणि जगून गेला आहे. धर्मसंस्थापक व्हायला निघालेला माणूस शिष्य झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनीही मोजली. त्यांना कोणी विचारले नव्हते. ताटातूट, लोकनिंदा, लहानग्या मुलाची काळजी हे सारे त्यांच्या वाट्याला आले. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. देवाची इच्छा एकाला कळते आणि चटके दुसऱ्याला बसतात, हे वाचताना मी अस्वस्थ झालो. टिळकांचा मोठेपणा मान्य करूनही ही गोष्ट झाकता येत नाही.

अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) टिळकांनी अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. ख्रिस्ती भक्तीला त्यांनी अभंग-ओवीचे मराठी रूप दिले, ‘ज्ञानोदय’चे संपादन केले, बालकवींसारख्या तरुण कवीला घरात आसरा दिला. मान होता, वेतन होते. तरीही 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांनी तेथे भावंडांसारखे एकत्र यावे, ही त्यांची ओढ होती.

दरबार फुलण्यास अवधीच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ही अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहीत नेले. व्यवहाराच्या मापाने पाहिले तर शेवटची दोन्ही मोठी कामे अर्धीच राहिली. परंतु आजही रविवारी आमच्या चर्चमध्ये म्हातारी माणसे त्यांची गीते डोळे मिटून गातात. कवी कोण, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानातही नसते. मला वाटते, टिळकांना याहून वेगळे काही नको असावे.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. पाळक होण्याचा विचार मी सोडलेला नाही. फक्त त्यावर देवाची सही आहे, असे सांगणे थांबवले आहे. सध्या दर रविवारी मी संडे स्कूलच्या लहान मुलांना शिकवतो. तेथे व्यासपीठ नाही आणि टाळ्याही नाहीत. वर्षभराने हेच काम मला गोड वाटले, तर आजीला उत्तर देण्याचे धैर्य कदाचित येईल.