कार्ल श्वार्झशिल्ड

१८७३ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे जन्मलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड यांचे जोडताऱ्यांच्या कक्षांवरील गणित वयाच्या १६ व्या वर्षीच छापून आले! पुढे ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेचे संचालक झाले. १९१४ साली महायुद्ध पेटताच, चाळिशी गाठलेली असूनही, ते स्वेच्छेने सैन्यात गेले. तेथे तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित करता करता त्यांनी १९१५ च्या अखेरीस आइन्स्टाइन यांची गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणे अचूक सोडविली. खुद्द आइन्स्टाइन यांना अंदाजी उत्तरावर भागवावे लागले होते. या उत्तरानुसार, सूर्य दाबून तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबला, तर प्रकाशही त्यातून सुटणार नाही. हेच कृष्णविवर. त्याच्याभोवती गरगरणारा वायू घर्षणाने तापून लखलखतो, म्हणून त्याचा ठाव लागतो. आघाडीवरच जडलेल्या त्वचारोगाने ११ मे १९१६ रोजी श्वार्झशिल्ड निवर्तले. कृष्णविवर हे नाव तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.