कलामहर्षी बाबूराव पेंटर

१९२६ साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून आपल्या लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्याच काळात कोल्हापुरात बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर, हे मराठी चित्रपटकलेचा पाया रचीत होते.

३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूरावांनी बंधू आनंदराव यांच्यासमवेत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पाहून दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूराव खचले नाहीत. दामल्यांच्या साहाय्याने त्यांनी स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला व 'सैरंध्री' (१९२०) चित्रित केला. 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) पुराणकथा बाजूस सारून त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची व्यथा पडद्यावर आणली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल व शांताराम या शिष्यांनी 'प्रभात' काढली. पुढे बाबूरावांनीही आपली महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली आणि ते बव्हंशी चित्रशिल्पांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. 'प्रभात'ची कीर्ती मुलांना सांगताना तिच्या या गुरूचे नावही आपण आवर्जून सांगावे. ते ऋण आपले आहे.