बेटाची आठवण जपणारा मच्छीमार : तोमास ओ क्रोहन

आयर्लंडचे नाव काढले की आपल्याला संत पॅट्रिक आठवतात. आज मात्र आपण त्याच देशातील एका साध्या मच्छीमाराची ओळख करून घेणार आहोत. ते संत नव्हते, धर्मगुरू नव्हते, मोठे शिक्षणही त्यांनी घेतले नव्हते. तरीही आयर्लंडमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांचे नाव तोमास ओ क्रोहन.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यासमोर अटलांटिक महासागरात ब्लास्केट नावाची बेटे आहेत. त्यांतील सर्वात मोठ्या ग्रेट ब्लास्केट बेटावर १८५५ च्या सुमारास तोमास यांचा जन्म झाला. बेट किनाऱ्यापासून जेमतेम २ किलोमीटरवर, पण मधला समुद्र अतिशय दगाबाज! १५८८ साली स्पेनच्या आरमाराचे एक मोठे जहाज याच पाण्यात बुडाले. बेटावर ना दुकान, ना डॉक्टर, ना चर्च. समुद्र शांत असला तर रविवारी नाव वल्हवत पलीकडच्या डनक्विन गावी मिस्साला जायचे. समुद्र खवळला तर बेटावरच प्रार्थना करायची. माणूस वारला तर त्याची शवपेटीही नावेतूनच पलीकडे न्यावी लागे.

बेटावरची नाव म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून त्याला डांबर फासलेली हलकी होडी. तिला तिथे नेव्होग म्हणतात. या होडीतून तोमास बांगडे आणि शेवंड पकडायला जात. घरी बटाट्याची शेती होती. चुलीसाठी डोंगरावरची दलदलीतील माती कापून, वाळवून आणावी लागे. त्या काळी बेटावरचे लोक सीलची शिकारही करीत. मांस खायला, तेल दिव्याला आणि कातडी विकायला. ही शिकार सोपी नव्हती. एकदा तर सीलने तोमास यांच्या पायाचा लचका तोडला आणि ते थोडक्यात बचावले. कड्यांवरून समुद्रपक्ष्यांची अंडी व पिल्लेही आणली जात. समुद्र पोटाला देत होता, पण किंमतही वसूल करीत होता.

ती किंमत तोमास यांनी पुरेपूर मोजली. १८७८ साली त्यांचे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली. एक लहान मुलगा पक्ष्यांची पिल्ले पकडायला गेला आणि कड्यावरून पडून मरण पावला. काही मुले गोवर आणि डांग्या खोकल्याने गेली. १९०९ च्या ऑगस्ट महिन्यात डब्लिनहून आलेली एक तरुणी समुद्रात बुडू लागली. तिला वाचवायला तोमास यांचा तरुण मुलगा डोनल धावला आणि दोघेही बुडाले. पत्नीचेही निधन झाले. एवढे आघात सोसूनही तोमास पुन्हा नावेत बसले, शेतात राबले, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी झाले. आपल्याला हे जमले असते का?

तोमास यांच्या घरात, गावात, होडीत सगळीकडे आयरिश भाषाच बोलली जाई. शाळेत मात्र शिकवले जाई ते इंग्रजीतून. त्यामुळे आईच्या भाषेत वाचायला ते शिकलेच नव्हते. वादळामुळे डनक्विनला अडकून पडावे लागे, तेव्हा तिथल्या घरातील मुले आयरिश पुस्तके वाचून दाखवीत. ते ऐकत, पाहत, चाळिशीच्या आसपास ते स्वतःची भाषा वाचायला शिकले. पुढे लिहायलाही लागले.

१९०७ साली कार्ल मार्स्ट्रँडर हे नॉर्वेचे भाषातज्ज्ञ आयरिश शिकण्यासाठी बेटावर आले. त्यांना शिकवले तोमास यांनी! दिवसभर मासेमारी आणि संध्याकाळी शिकवणी. नंतर १९१० साली रॉबिन फ्लॉवर हे इंग्रज अभ्यासक आले आणि तोमास यांचे जन्माचे मित्र झाले. १९१७ साली आलेल्या ब्रायन केली यांनी त्यांना रोजनिशी लिहिण्याचा आग्रह केला. आपल्यासारख्या गरीब मच्छीमाराचे जगणे कोण वाचणार, असा प्रश्न कुणालाही पडला असता. केली यांनी त्यांना परदेशातील सामान्य माणसांच्या जीवनावरील पुस्तके वाचून दाखवली. मग तोमास लिहीत गेले. १९२८ साली त्यांची रोजनिशी आणि १९२९ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. रॉबिन फ्लॉवर यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचे नाव ‘द आयलंडमन’.

या पुस्तकात रडगाणे नाही की बढाई नाही. मुलांचे मृत्यूही त्यांनी मोजक्याच शब्दांत सांगितले आहेत. आपल्यासारखी माणसे पुन्हा होणार नाहीत, याची त्यांना जाणीव होती. म्हणून आपले लोक कसे जगले, याची नोंद मागे राहावी एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या पाठोपाठ बेटावरच्या मॉरिस ओ सलिव्हन आणि पेग सेयर्स यांच्याही आठवणी प्रसिद्ध झाल्या. एवढ्याशा बेटाने एका भाषेला केवढे धन दिले!

७ मार्च १९३७ रोजी तोमास देवाघरी गेले. डनक्विन येथे त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांना वाटत होते तेच पुढे घडले. तरुण मंडळी अमेरिकेला गेली. १९१६ च्या सुमारास १७६ लोकवस्ती असलेल्या बेटावर शेवटी २२ माणसे उरली. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने बेट रिकामे करायला सुरुवात केली.

आज बेटावर पडक्या घरांच्या भिंती उभ्या आहेत. तोमास यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले घर मात्र दुरुस्त करून जतन केले आहे. डनक्विनला १९९३ पासून ब्लास्केट बेटांचे स्मृतिकेंद्र आहे. ज्या सीलची शिकार होत असे, त्यांना १९७६ पासून कायद्याचे संरक्षण आहे. हिवाळ्यात बेटाच्या पांढऱ्या वाळूवर शेकडो सील पहुडलेले दिसतात. शेजारच्या इनिशटूस्कर्ट बेटावर स्टॉर्म पेट्रेल या चिमुकल्या समुद्रपक्ष्यांची हजारो जोडपी घरटी करतात. २०२४ साली आयर्लंडने केरीच्या किनाऱ्यावर आपले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित केले. ब्लास्केटचा परिसरही त्यात आहे.

सील आणि पक्षी आपापल्या जागी आहेत. माणसे मात्र निघून गेली. तरीही ती कशी बोलत, कशी हसत, एकमेकांना कशी धरून राहत, हे आपल्याला कळते. कारण त्यांच्यातील एका मच्छीमाराने उतारवयात कागद पुढे ओढला.

आपल्याही घरात आजी-आजोबा आहेत. त्यांच्या तोंडी जुने शब्द आहेत, जुनी गाणी आहेत, कष्टाच्या दिवसांच्या आठवणी आहेत. आज मिस्सा आटोपून घरी गेल्यावर थोडा वेळ त्यांच्याजवळ बसू या. त्यांना एखादी आठवण विचारू या, आणि जमल्यास ती त्यांच्याच बोलीत लिहून ठेवू या.