विद्येचे बंद द्वार उघडणाऱ्या कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी मुली आज पदवीपर्यंत शिकत आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पदवीनंतर संशोधनाची वाट धरू इच्छिणाऱ्या मुलीला अजूनही घरीदारी अनेक प्रश्नांना तोंड द्यावे लागते. अशा प्रसंगी जिचे चरित्र आवर्जून स्मरावे, अशी विदुषी म्हणजे कै. डॉ. कमलाबाई सोहोनी होत.

त्या माहेरच्या कमला भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम रीतीने संपादन करून कमलाबाईंनी वडील-चुलत्यांच्याच संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज पाठविला.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी अर्ज नाकारला. गुणपत्रिका निर्दोष असता आलेला हा नकार कमलाबाईंनी मानला नाही. त्या स्वतः बंगलोरला गेल्या, नकाराचे कारण विचारले व संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, काम समाधानकारक ठरेपर्यंत त्यास मान्यता मिळणार नाही व पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशा त्या अटी होत्या. अपमान गिळून त्यांनी त्या पत्करल्या.

श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक शिस्तीचे गुरू त्यांना लाभले. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत राबून त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्या संस्थेचे दार अन्य विद्यार्थिनींसाठीही खुले झाले. १९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी मिळाली.

पुढे त्या केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे प्रथम डॉ. डेरेक रिक्टर व ते अन्यत्र गेल्यावर डॉ. रॉबिन हिल त्यांचे मार्गदर्शक झाले. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावरील अभ्यासातून दाखवून दिले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली डॉक्टरेट प्राप्त झाली.

त्याच वर्षी स्वदेशी परतून त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची आहारसंशोधन प्रयोगशाळा व १९४७ सालच्या विवाहानंतर मुंबईची विज्ञानसंस्था येथे कार्य केले. मुंबईच्या संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपतिपदकाचा मान मिळाला. १९९८ साली त्यांचे देहावसान झाले.

संशोधनाची जागा मिळविताना गुणांइतकेच योग्य गुरू, योग्य विषय व चिकाटी यांचे महत्त्व असते, हे या चरित्रावरून ध्यानी येते. एखाद्या कन्येचा अर्ज परत आला, तर तिला तत्काळ घरी बसवू नये. नकाराचे कारण विचारण्याचे धैर्य तिला द्यावे आणि दुसऱ्या अर्जाची तयारी तिच्यासोबत करावी. वडीलधाऱ्यांनी एवढे केले तरी कमलाबाईंचे ऋण अंशतः फिटेल.